महागड्या केबलने आवाज सुधारतो का, हे घरीच कसे तपासावे

स्पीकरला नवी, महाग केबल जोडल्यावर आवाज अधिक मोकळा आणि स्वच्छ झाला, असे सांगणारे लोक खोटे बोलत नसतात. त्यांना तसे खरोखरच ऐकू येते. प्रश्न एवढाच असतो की तो फरक तारेतून आला, की तार महाग आहे हे ठाऊक असल्यामुळे जाणवला. याचा निकाल ऐकूनच लावता येतो, मात्र त्या वेळी कोणती केबल जोडलेली आहे हे ऐकणाऱ्याला कळता कामा नये.

सर्वप्रथम जुन्याच केबलचे प्लग काढून पुन्हा घट्ट बसवावेत. वर्षानुवर्षे एका जागी राहिलेल्या प्लगवर ऑक्साइडचा पातळ थर धरतो आणि काढण्या-घालण्याच्या घर्षणाने तो बराचसा निघून जातो. माझ्याकडे डाव्या स्पीकरमधून येणारी बारीक खरखर एवढ्यानेच थांबली होती. त्या दिवशी मी नवी केबल जोडली असती, तर सारे श्रेय तिलाच दिले असते.

त्यानंतर स्पीकरच्या तारेचा रोध, म्हणजे ती विजेच्या प्रवाहाला करत असलेला अडथळा, पाहावा, कारण या केबलमध्ये ऐकू येण्याजोगा फरक पडलाच, तर तो बहुधा रोधामुळेच पडतो. तांब्याची २.५ चौरस मिलिमीटर जाडीची तार घेतली आणि अ‍ॅम्प्लिफायरपासून स्पीकर ३ मीटर दूर असला, तर जाण्या-येण्याच्या मिळून ६ मीटर तारेचा रोध सुमारे ०.०४ ओहम भरतो. स्पीकरचा इम्पिडन्स, म्हणजे स्पीकर स्वतः प्रवाहाला करत असलेला अडथळा, स्वराच्या वारंवारतेनुसार बदलत असतो; तो एका ठिकाणी ४ आणि दुसऱ्या ठिकाणी २० ओहम आहे असे धरले, तरी या तारेमुळे त्या दोन ठिकाणच्या आवाजाच्या पातळीत ०.१ डेसिबलपेक्षाही कमी तफावत येते, आणि ती कानाला कळत नाही. हेच अंतर १० मीटर असेल आणि तार ०.५ चौरस मिलिमीटरची असेल, तर रोध ०.७ ओहमच्या जवळ जातो, तफावत १ डेसिबलच्या वर जाते आणि ती ऐकू येऊ शकते. यावरचा उपाय जाड तार हा आहे, महाग तार हा नव्हे. चांदीचा रोध तांब्यापेक्षा जेमतेम ६ ते ७ टक्क्यांनी कमी असतो, म्हणजे तांब्याची तार किंचित जाड घेतली की तोच परिणाम साधतो. खरेदी करताना एक काळजी मात्र जरूर घ्यावी: एक तंतू ब्लेडने खरवडून पाहावा. आतून पांढरट धातू दिसला, तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार असण्याची शक्यता मोठी असते आणि तिचा रोध तेवढ्याच जाडीच्या तांब्यापेक्षा बराच जास्त असतो.

आता प्रत्यक्ष चाचणी. मोबाइलवर किंवा संगणकावर २०० हर्ट्झचा सलग स्वर वाजवावा, मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून स्पीकरच्या टर्मिनलवर सुमारे २ व्होल्ट येतील इतका आवाज ठेवावा, आणि केबल बदलून पुन्हा मोजावे. दोन्ही वाचनांत ०.०२ व्होल्टपेक्षा जास्त फरक नसावा. हा आग्रह नाहक नाही. किंचित मोठा आवाज कानाला ‘मोठा’ वाटण्याऐवजी ‘चांगला’ वाटतो, आणि घरगुती तुलना बहुतेक वेळा इथेच फसतात.

मदतीला एक व्यक्ती घ्यावी. तिने प्रत्येक फेरीआधी नाणे उडवून, छापा की काटा यावरून कोणती केबल जोडायची हे ठरवावे, निकाल कागदावर लिहावा आणि ऐकणाऱ्याच्या नजरेआड राहावे. सलग दोन वेळा तीच केबल आली, तरी ती काढून पुन्हा जोडावी, म्हणजे लागणाऱ्या वेळावरून काही ओळखता येणार नाही. प्रत्येक वेळी अ‍ॅम्प्लिफायर बंद करूनच तारांना हात लावावा. उघडी टोके एकमेकांना चिकटली, तर अ‍ॅम्प्लिफायर जळू शकतो. ऐकणाऱ्याने एकाच रचनेचा २० ते ३० सेकंदांचा तोच तुकडा ऐकावा, कोणती केबल जोडली आहे हे ओळखून सांगावे आणि डोके शक्यतो एकाच जागी ठेवावे. १० किलोहर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी साधारण ३.४ सेंटिमीटर असते, त्यामुळे मान थोडी हलली तरी वरच्या स्वरांत केबलपेक्षा कितीतरी मोठा बदल होतो.

अशा १६ फेऱ्या कराव्यात. मध्ये विश्रांती घेतली तर उत्तमच. नुसत्या अंदाजाने साधारण ८ उत्तरे बरोबर येतात, तर १२ किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता ४ टक्क्यांहूनही कमी असते. म्हणून १२ ही मर्यादा आधीच ठरवून ठेवावी आणि निकाल मनासारखा नाही म्हणून फेऱ्या वाढवत जाऊ नये.

इतर केबलबद्दल थोडक्यात सांगता येईल. यूएसबी किंवा एचडीएमआय केबल सदोष असेल, तर आवाज तुटतो किंवा बंद पडतो. त्याचा पोत मात्र बदलत नाही. टर्नटेबलची, म्हणजे रेकॉर्ड प्लेअरची, गोष्ट वेगळी आहे: मूव्हिंग मॅग्नेट प्रकारच्या कार्ट्रिजला (सुई बसवलेल्या भागाला) जोडलेल्या तारेची धारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, वरच्या स्वरांवर खरोखर परिणाम करते, म्हणून तिथे कार्ट्रिजच्या माहितीपत्रकात दिलेला आकडा पाळावा. इलेक्ट्रिक गिटारची लांब तारही याच कारणाने वरचे स्वर मंद करते.

चाचणीत १२ किंवा अधिक उत्तरे बरोबर आली, तर ती मान्य करावीत आणि लगेच कारण शोधावे. व्होल्टचे वाचन पुन्हा घ्यावे, जोडाच्या जागा तपासाव्यात, आणि महाग केबलच्या जागी तेवढ्याच लांबीची साधी, जाड तांब्याची तार लावून त्याच १६ फेऱ्या पुन्हा कराव्यात.