डोंगरातले घर एकाच उंचीवर नसते

रॉबर्ट चेंबर्स आणि गॉर्डन कॉनवे यांनी १९९२ मध्ये केलेली शाश्वत उपजीविकेची व्याख्या आणि नंतर रूढ झालेला पाच भांडवलांचा (मानवी, सामाजिक, नैसर्गिक, भौतिक, आर्थिक) पंचकोन तुम्ही वाचलेलाच असेल, म्हणून त्यांची उजळणी करत नाही. डोंगराळ समाजांच्या उपजीविकेवर संशोधन सुरू करणाऱ्यांना मला एकाच चुकीबद्दल सविस्तर सांगायचे आहे, कारण तिने माझे एक वर्ष खाल्ले.

माझे पहिले क्षेत्रकार्य मी उन्हाळी सुट्टीत केले. सवड तेव्हाच होती. घरोघरी प्रश्नावल्या भरल्या आणि पशुपालन या वस्तीतून जवळजवळ संपले आहे, असा निष्कर्ष निघाला. वरची कुरणे वापरात नसल्याने तिथे वृक्षलागवड करावी, अशी शिफारसही मसुद्यात लिहून ठेवली होती. मसुदा वस्तीत वाचून दाखवला तेव्हा एका आजींनी शांतपणे विचारले, "मग माझा मुलगा सध्या झोपतो कुठे?" तो कळपासोबत वरच्या कुरणांत होता, आणि बहुतेक घरांतली कर्ती माणसेही तिथेच होती. मी "गोठ्यात सध्या किती जनावरे आहेत?" असे विचारले होते आणि मागे राहिलेल्या वृद्धांनी "एकही नाही" असे खरे तेच उत्तर दिले होते. चूक माझ्या प्रश्नात होती.

हे नीट समजून घ्या. दर हजार मीटर चढाला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते, त्यामुळे वर गवत उशिरा येते आणि पीकही उशिरा पिकते. डोंगरातले कुटुंब या फरकावरच जगते: हिवाळ्यात खाली, उन्हाळ्यात वर, मधल्या उंचीवर शेत, आणि एखादा सदस्य दूरच्या शहरात मजुरीला. पर्वतीय प्रदेशांचे अभ्यासक एन. एस. जोधा यांनी दुर्गमता, नाजूकपणा, उपेक्षितता आणि विविधता ही पर्वतीय प्रदेशांची वैशिष्ट्ये मांडली, ती मी परीक्षेसाठी पाठ केली होती. विविधता म्हणजे एकाच घराचे तीन उंचींवरचे तीन पत्ते, हे मात्र आजींच्या प्रश्नानंतर कळले. "एका चुलीवर जेवणारे ते कुटुंब" ही सर्वेक्षणातली नेहमीची व्याख्या इथे तोकडी पडते, कारण पैसे पाठवणारा त्या चुलीवर जेवत नाही आणि मेंढपाळ वर्षातले काही महिनेच जेवतो.

म्हणून प्रश्नावलीच्या आधी प्रत्येक घरी बारा महिन्यांचा तक्ता भरा. प्रत्येक सदस्यासाठी एक ओळ आखा आणि तो कोणत्या महिन्यात कुठे, किती उंचीवर झोपला आणि काय काम करत होता, हे लिहा. स्त्रियांची ओळ त्यांनाच विचारून भरा. पुरुष स्थलांतरित झाले की शेत त्या सांभाळतात, पण जमिनीच्या कागदावर नाव बहुधा दुसऱ्याचेच असते. घरामागे अर्धा तास जादा लागतो आणि कंटाळाही येतो, तरी हा तक्ता टाळू नका.

उपग्रहचित्रांवर विसंबून क्षेत्रकार्य उरकण्याचा सल्ला तुम्हाला मिळेल. चित्रात हिरवळ दिसते, तिथे चारण्याचा हक्क कोणाचा हे दिसत नाही. मार्गदर्शक निवडताना त्यांच्या शोधनिबंधांची संख्या पाहण्यापेक्षा ते शेवटचे वस्तीवर कधी मुक्कामी राहिले होते, हे विचारा. हा माझा पूर्वग्रह असेल, पण माझ्या प्रश्नावलीतली चूक वस्तीवर राहिलेल्या कोणीही पहिल्या पानावरच पकडली असती.

आकडे चुकले म्हणून घाबरू नका. माझी दुसरी फेरी हिवाळ्यात झाली, आणि दोन हंगामांच्या नोंदींतील तफावत हेच प्रबंधाचे सर्वांत भक्कम प्रकरण ठरले. दुसऱ्या फेरीसाठी निधी नसेल, तर प्रत्येक तक्त्याच्या शीर्षकात महिना लिहा, वर्षभराचे उत्पन्न म्हणून तो आकडा कुठेही वापरू नका, आणि मसुदा विभागात देण्याआधी वस्तीत वाचून दाखवा.