एकसर की समांतर? सर्किट जोडताना या चुका टाळा

दिव्यांची माळ एकापाठोपाठ एक दिसते, म्हणून ती सिरीज, म्हणजे एकसर. एका एक्स्टेन्शन बोर्डाला दुसरा, दुसऱ्याला तिसरा लावला, म्हणून तीही सिरीज. डोळ्यांना ओळ दिसली की 'एकसर' म्हणून मोकळे व्हायचे, ही पहिली चूक. बाकीच्या निम्म्या चुका हिच्याच पोटातून येतात.

जोडणी दिसण्यावरून ठरत नाही, सांध्यांवरून ठरते. दोन वस्तूंची दोन्ही टोके त्याच दोन वायरींना जोडली असतील, तर त्या समांतर. मग एक देवखोलीत असो आणि दुसरी पडवीत. एकीचे टोक संपते तिथे दुसरीचे सुरू होते आणि त्या सांध्याला तिसरे काहीच लागलेले नाही, तर त्या एकसर. कागदावर ओळखायची खात्रीची सवय म्हणजे रंगीत पेन्सिली. बॅटरीच्या प्लसपासून निघा आणि मध्ये रेझिस्टर किंवा दिवा येईपर्यंतची सगळी वायर, तिच्या फाट्यांसकट, एकाच रंगाने रंगवा. वस्तू ओलांडली की रंग बदला. ज्यांच्या दोन टोकांना तेच दोन रंग, त्या समांतर. दोन मिनिटे लागतात. तेवढाही धीर नसलेले थेट सूत्रात आकडे घालतात आणि मग उत्तर का चुकले ते शोधत बसतात.

आता तीच चूक घरात काय करते ते बघा. गणेश चवथीला देवखोलीत भिंतीवर एकच ६ अँपिअरचा पॉइंट असतो. त्यातून पहिला बोर्ड, त्यातून दुसरा, त्यातून तिसरा. गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या माटोळीवर सोडलेले ५० वॅटचे दोन एलईडी फोकस, ६० वॅटचा पंखा, आरतीसाठी १०० वॅटचा स्पीकर. इथवर ठीक. मग पाहुण्यांच्या चहासाठी कोणीतरी शेवटच्या बोर्डात १५०० वॅटची किटली लावते. सगळे बोर्ड समांतर आहेत, त्यामुळे प्रत्येक वस्तूला पूर्ण २३० व्होल्ट मिळतात आणि करंटची बेरीज होते. १७६० भागिले २३०, म्हणजे साधारण ७.७ अँपिअर. हा सगळा करंट भिंतीतल्या प्लगमधून आणि पहिल्या बोर्डाच्या वायरीतून जातो. शेवटच्या बोर्डाची वायर कितीही जाड घेतली तरी पहिलीचा भार कमी होत नाही.

एमसीबी (करंट मर्यादेपलीकडे गेला की आपोआप पडणारा स्विच) पडत नाही, कारण तो बहुधा १० किंवा १६ अँपिअरचा असतो. म्हणून सगळ्यांना वाटते, चालले आहे ना! पण भिंतीतला सॉकेट ढिला असेल, किनारपट्टीच्या खाऱ्या हवेने पितळी पिनांवर थर चढला असेल, तर त्या स्पर्शाचा रोध (रेझिस्टन्स) सगळ्या भाराशी एकसर बसतो. तो फक्त अर्धा ओहम धरा. करंटचा वर्ग गुणिले रोध केले की जवळपास ३० वॅट उष्णता निघते. २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने शिसे वितळते. इथे त्याहून जास्त उष्णता प्लास्टिकच्या प्लगच्या आत कोंडलेली असते. म्हणून किटली, इस्त्री, गीझर यांना भिंतीवरचा १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट, आणि बोर्डाला बोर्ड कधीच नाही. अर्ध्या तासाने स्विच बंद करून प्लग उपसा आणि पिनांजवळ हात न्या. बोट टेकवत नसेल किंवा पिनेभोवतीचे प्लास्टिक तपकिरी झाले असेल, तर सॉकेट आणि प्लग दोन्ही बदला. एकच बदलला तर जुना नव्याला खराब करतो.

दुसरी चूक नरकचतुर्दशीच्या पहाटे जाळायच्या नरकासुराच्या पुतळ्याच्या डोळ्यांत दिसते. आदल्या संध्याकाळी वाड्यावरची मुले सहा पांढरे एलईडी समांतर जोडतात, सगळ्यांना मिळून एकच ६८ ओहमचा पाव वॉटचा रेझिस्टर लावतात आणि मोटारसायकलची १२ व्होल्टची बॅटरी देतात. हिशेबही केलेला असतो. पांढऱ्या एलईडीला ३.२ व्होल्ट, उरले ८.८. सहांचे प्रत्येकी २० मिलिअँपिअर, म्हणजे १२० मिलिअँपिअर. ८.८ भागिले ०.१२, उत्तर ७३ ओहम, बाजारात मिळतो ६८. दिवे लागतात, टाळ्या पडतात. पण त्या रेझिस्टरवर १.१ वॉट उष्णता पडते आणि तो सोसतो पाव वॉट. काही मिनिटांत त्याचे रंगीत पट्टे काळे पडतात आणि जळका वास येतो. भोवती असतो कागद आणि सुके गवत.

दुसरा घोळ उशिरा कळतो. एकाच पाकिटातले एलईडीही अगदी सारखे नसतात. ज्याचे व्होल्टेज किंचित कमी तो जास्त करंट ओढतो, तापतो, तापला की त्याचे व्होल्टेज आणखी उतरते, मग तो आणखी ओढतो. तो गेला की त्याचा वाटा उरलेल्या पाचांवर पडतो.

योग्य जोडणी अशी. तीन-तीन पांढऱ्या एलईडींच्या दोन एकसर रांगा, प्रत्येक रांगेला स्वतःचा रेझिस्टर, आणि दोन्ही रांगा एकमेकींना समांतर. तिघांचे ९.६ व्होल्ट होतात, उरतात २.४. पुस्तकी हिशेबाने १२० ओहम येतो, पण तो लावू नका. भरलेली बॅटरी १२.७ व्होल्ट दाखवते आणि इंजिन चालू असताना १४.४ पर्यंत जाते. तेव्हा १२० ओहममधून ४० मिलिअँपिअर जातील, म्हणजे बरोबर दुप्पट. २२० ओहम घ्या: इंजिन बंद असताना १४, चालू असताना २२ मिलिअँपिअर. उजेडातला फरक डोळ्यांना जेमतेम कळतो आणि एलईडी पहाटेपर्यंत टिकतात. एका रांगेत चार पांढरे घालू नका, कारण १२.८ व्होल्ट लागतात आणि दिवे मंद राहतात किंवा लागतच नाहीत. लाल एलईडीला साधारण २ व्होल्ट पुरतात, त्यामुळे एका रांगेत चार-पाच चालतात. बॅटरीच्या प्लसपाशीच १ अँपिअरचा फ्यूज हवा. 'एका रात्रीसाठी कशाला' हे कारण इथे चालणार नाही. शॉर्ट झाल्यावर मोटारसायकलची बॅटरी बारीक वायर क्षणात लाल करते.

वॅट जास्त तो बल्ब नेहमी जास्त उजेड देतो, हा समज समांतर जोडणीपुरताच खरा. फिलामेंटचा १०० वॅटचा आणि ४० वॅटचा बल्ब २३० व्होल्टवर एकसर लावून बघा. छापील आकड्यांवरून पहिल्याचा रोध ५२९ ओहम, दुसऱ्याचा १३२२. करंट दोघांतून एकच, ०.१२ अँपिअर. म्हणून ४० वाल्याच्या वाट्याला २० वॅट येतात आणि १०० वाल्याच्या वाट्याला जेमतेम ८. प्रत्यक्षात फरक आणखी वाढतो, कारण कमी तापलेल्या फिलामेंटचा रोध उतरतो.

'करंट कमी रोधाच्या वाटेनेच जातो' हे वाक्य डोक्यातून काढून टाका. ६ व्होल्टवर १० आणि २० ओहम समांतर असतील, तर एकातून ०.६ आणि दुसऱ्यातून ०.३ अँपिअर जातो. एकूण ०.९, म्हणजे एकत्रित रोध ६.६७ ओहम. समांतर जोडणीचे उत्तर सगळ्यांत लहान रोधापेक्षा मोठे आले, तर हिशेब कुठेतरी चुकला आहे.

मल्टिमीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात विसरून सॉकेटचे व्होल्टेज मोजू नका, तो सरळ शॉर्ट आहे. सर्किटमध्ये बसलेल्या रेझिस्टरचा एक पाय उचलल्याशिवाय ओहम मोजू नका. शेजारचे समांतर रोध आकडा खाली ओढतात.

जुन्या बारीक बल्बांच्या माळेत (ती मात्र खरोखरच एकसर असते) गेलेला बल्ब काढून वायर पिरगाळून जोडणे, हा आवडता शॉर्टकट. ३८ बल्बांतले पाच असे गाळले, तर उरलेल्या प्रत्येकावर सहाऐवजी सात व्होल्ट पडतात आणि रोध तोच धरला तर उष्णता एक तृतीयांशाने वाढते. मग ते भराभर जातात.

इन्व्हर्टरच्या २४ व्होल्टच्या जोडीत दोन बॅटऱ्या एकसर असतात, म्हणून तिथे जुनी आणि नवी बॅटरी एकत्र नको. बदलायच्या तर दोन्ही.

स्विच दिव्याशी एकसर असतो हे सगळ्यांना ठाऊक असते, पण तो फेजच्या, म्हणजे झटका देणाऱ्या, वायरीत हवा. न्यूट्रलमध्ये असेल तर दिवा विझतो, पण होल्डरमध्ये फेज तसाच राहतो. रात्री बंद एलईडी बल्ब मिणमिणत असेल तर हा संशय घ्या. इंडिकेटरवाल्या स्विचमुळेही तसे होते. वायरमनकडून टेस्टरने तपासून घ्या आणि तोवर बल्ब बदलताना मेन बंद करा.

दुरुस्त केलेली इस्त्री किंवा मिक्सर थेट सॉकेटमध्ये खुपसण्याची घाई फार जणांना असते. त्याआधी सिरीज बोर्ड वापरा, म्हणजे फेजच्या वायरीत १०० वॅटचा बल्ब आणि त्याच्याशी एकसर तपासायची वस्तू. वस्तूचा स्विच चालू ठेवा. बल्ब अजिबात लागला नाही तर आत वायर तुटलेली आहे. मिक्सरला तो नेहमीपेक्षा मंद दिसला तर जोडणी पूर्ण आहे. पूर्ण तेजाने पेटला तर शॉर्टचा संशय घ्या. हजार वॅटच्या इस्त्रीचा रोध मात्र ५३ ओहमच असतो, त्यामुळे धड इस्त्रीवरही बल्ब जवळजवळ पूर्ण पेटतो. तिथे प्लग काढून मल्टिमीटरने ओहम मोजा: पन्नासच्या आसपास आले तर कॉइल ठीक, शून्याजवळ आले तर शॉर्ट. बोर्डावर बल्ब फिलामेंटचाच हवा. एलईडी बल्ब अगदी थोड्या करंटवरही उजळतो, त्याच्या उजेडावरून आत किती करंट जातो ते ओळखता येत नाही. फिलामेंटचे बल्ब आता दुकानात सहज दिसत नाहीत, म्हणून मिळतील तेव्हा दोन घेऊन ठेवा.