पुढे गुहेत उतरायचं असेल तर आत्ता रेग्युलेटर कसा निवडावा

मामा तलावात आणि बोडीत पोहायला शिकलेली पोरं आता तारकर्लीला किंवा अंदमानला जाऊन ओपन वॉटरचा, म्हणजे स्कुबाचा पहिला कोर्स करतात. त्यातल्या काहींच्या डोक्यात मेक्सिकोच्या सेनोटे, म्हणजे पाण्याने भरलेल्या गुहा, घुसतात. गुहेचं प्रशिक्षण अजून लांब असतं, सिलिंडरमधली हवा श्वासाजोगी करून देणारा रेग्युलेटर मात्र आत्ता घ्यायचा असतो. अशा वेळी दुकानदार ‘सुरुवातीचा सेट’ गळ्यात मारतो आणि पुढे तो अख्खा विकायची पाळी येते. गरज नाही. आधी हिशेब समजून घ्या.

पाठीवर जोडसिलिंडर घेऊन गुहेत जाणाऱ्याला दोन फर्स्ट स्टेज (व्हॉल्व्हवर बसून हवेचा दाब उतरवणारा भाग), दोन सेकंड स्टेज (तोंडात धरायचा भाग), एक प्रेशर गेज आणि विंग, म्हणजे पाठीवरची हवेची पिशवी, फुगवायची एक नळी लागते. समुद्रात एका सिलिंडरवर डुबकी मारणाऱ्याला लागते एक फर्स्ट स्टेज, बाकी सगळं तेवढंच. म्हणजे पहिली खरेदी नीट झाली तर पुढे फक्त एक फर्स्ट स्टेज आणि काही नळ्या घ्यायच्या उरतात. बाजूला सिलिंडर लावून, म्हणजे साइडमाउंटने जायचं ठरलं तर आणखी एक गेज. यासाठी अट एकच: राखीव सेकंड स्टेज म्हणून स्वस्तातला पिवळा ‘ऑक्टोपस’ घेऊ नका. दोन्ही सेकंड स्टेज एकाच मॉडेलच्या घ्या. गुहेत राखीव रेग्युलेटर कधी मुख्य होईल याचा नेम नसतो, आणि दोन्हींना सुटे भागही एकच लागतात.

सिलिंडरला जोडणी डिनचीच घ्या, म्हणजे व्हॉल्व्हमध्ये आट्यांनी फिरवून बसणारी, 300 बार दाबाची. ती 232 बारच्या व्हॉल्व्हवरही बसते. उलट 232 ची आखूड जोडणी 300 च्या व्हॉल्व्हला सील होत नाही. योकची, म्हणजे व्हॉल्व्हवर बाहेरून आवळायची पकड छताला आपटली की ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी) बाहेर सरकू शकते. डिनमध्ये ती खाचेत कैद असते. आपल्याकडे भाड्याचे सिलिंडर बहुतेक योकचे असतात, म्हणून डिनवरून योकवर नेणारा अडॅप्टर पिशवीत ठेवा. डिनचं चाक हातानेच आवळायचं, पाना लावायचा नाही.

फर्स्ट स्टेज आतून पिस्टनवर चालणारी घ्यावी की डायफ्रामवर (लवचीक पडद्यावर), यावर लोक रात्र-रात्र वाद घालतात. बॅलन्स्ड, म्हणजे सिलिंडरचा दाब घटला तरी श्वास सारखाच देणारी असेल तर दोन्ही चालतात. तरी माझं मत सीलबंद डायफ्रामकडे. ती थंड पाण्यासाठी घेतात, पण माझं कारण थंडी नव्हे. सेनोटेचं पाणी 24-25 अंशांचं, फ्लोरिडाच्या झऱ्यांचं 20-22 अंशांचं. युरोपियन प्रमाणपत्राच्या खुणेत ‘10 अंशांपेक्षा जास्त’ असं लिहिलेला रेग्युलेटरही तिथे चालतो. कारण आहे गाळ. साध्या पिस्टनच्या कप्प्यात बाहेरचं पाणी शिरतं, त्याबरोबर माती आणि क्षारही शिरतात. सीलबंद डायफ्राममध्ये ते आतल्या स्प्रिंगपर्यंत पोचत नाहीत. सर्व्हिसला मुंबई-गोवा गाठावं लागणाऱ्या माणसाला हा फरक जाणवतो.

आता खरी अडचणीची जागा: पोर्ट, म्हणजे फर्स्ट स्टेजवरची नळ्या जोडायची भोकं, कुठल्या दिशेला आहेत. कॅटलॉगात श्वासाला किती जोर लागतो त्याचे आकडे छापलेले असतात आणि सगळे तेच वाचतात. चांगल्या कंपन्यांच्या बॅलन्स्ड रेग्युलेटरांतला तो फरक नवशिक्याच्या श्वासाला कळतसुद्धा नाही. नळी चुकीच्या दिशेला निघाली तर मात्र ती डोक्यामागे फासासारखी उभी राहते आणि गुहेत वाट दाखवणारी दोरी नेमकी तिच्यात अडकते.

म्हणून कोणती नळी कुठे जाते ते आधी पाठ करा. उजव्या व्हॉल्व्हवर मुख्य रेग्युलेटर, 2.1 मीटरच्या लांब नळीवर. ही नळी फर्स्ट स्टेजमधून सरळ खाली उतरते, विंगच्या कडेने उजव्या कमरेपर्यंत येते, छातीवरून तिरपी डाव्या खांद्याकडे चढते, मानेमागून फिरून उजवीकडून तोंडात येते. एवढी लांब कशाला? जोडीदाराची हवा संपली तर अरुंद बोळातून दोघांना एकामागे एक निघावं लागतं. उजवीकडचीच दुसरी नळी विंगची; ती मानेमागून डाव्या खांद्यावर जाते. डाव्या व्हॉल्व्हवर राखीव रेग्युलेटर, 55 ते 60 सेंटिमीटरच्या नळीवर. ती मानेमागून उजव्या खांद्यावर येते आणि रेग्युलेटर रबराच्या माळेत हनुवटीखाली राहतो. डावीकडूनच गेजची नळी खाली कंबरेच्या कड्याला.

मुख्य रेग्युलेटर उजवीकडेच का? पुढे सरकताना डाव्या व्हॉल्व्हचा नॉब छताला घासला तर तो बंद होण्याच्या दिशेने फिरतो, उजवा उघडण्याच्या दिशेने. जोडीदाराला जी नळी द्यायची, ती आपोआप बंद होणाऱ्या बाजूला नको.

थोडक्यात, प्रत्येक बाजूला किमान एक पोर्ट खाली आणि एक आत मानेकडे तोंड करून हवा. इथे बहुतेक जण फसतात ते असं: एकाच मॉडेलच्या दोन फर्स्ट स्टेज म्हणजे एकमेकींचं आरशातलं रूप नव्हे. उजवीकडे सुंदर बसलेली फर्स्ट स्टेज डावीकडे लावली की हाय प्रेशरचा, म्हणजे गेजच्या नळीचा पोर्ट वर किंवा बाहेर तोंड करून बसू शकतो. म्हणून हाय प्रेशरचे पोर्ट दोन असलेलं मॉडेल घ्या, दोन बाजूंना एकेक. लो प्रेशरचे, म्हणजे बाकी नळ्यांचे पोर्ट फिरत्या डोक्यावर आणि टोकाला पाचवा पोर्ट असेल तर उत्तम. अशी फर्स्ट स्टेज पाठीवरही चालते आणि साइडमाउंटलाही. एपेक्सची डीएसटी आणि स्क्युबाप्रोची एमके 25 ही या रचनेची उदाहरणं. पहिली डायफ्रामची, दुसरी पिस्टनची. चारच पोर्टची साधी मॉडेलं वाईट नाहीत, जोडसिलिंडरवर ती वर्षानुवर्षं चालतात. पण साइडमाउंटकडे वळायचं ठरलं तर त्यांच्या नळ्यांची दिशा जुळवताना नाकी नऊ येतात.

खरेदी ऑनलाइन होणार असेल तर दुकानदाराकडून फर्स्ट स्टेजचे सहाही बाजूंनी फोटो मागवा. सगळे पोर्ट मोकळे दिसले पाहिजेत. हातात आल्यावर ती सिलिंडरवर लावा, सिलिंडर पाठीवर असतो तसा उभा धरा आणि खऱ्या नळ्या जोडून बघा. सुतळी लावून अंदाज घेऊ नका. नळी धातूच्या टोकाजवळ लगेच वळत नाही, सुतळी वळते. टोकाशीच जोरात वाकलेली नळी तिथेच चिरते. त्या जागी रबरी टोपण चढवून चीर झाकणारे लोक आहेत. टोपणं काढून टाका, चीर दिसली पाहिजे.

सेकंड स्टेज बॅलन्स्ड घ्या, पुढचं झाकण हाताने उघडणारी. गाळ जागच्या जागी काढता येतो. रंग आवडेल तो.

नळ्या साध्या रबराच्या. विणीच्या नळ्या हलक्या आणि दिसायला झकास असतात, पण काहींच्या आतलं प्लास्टिक उष्णतेत कालांतराने बिघडून खड्यांसारखं साचतं आणि हवेची वाट अडवतं. चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, पत्र्याच्या खोलीत तर विचारूच नका. त्यामुळे सेट माळ्यावर ठेवू नका, धाब्याच्या थंड खोलीत ठेवा, नळ्या सैल गुंडाळून. आणि तोंड बांधलेल्या सुती पिशवीत ठेवा. उघडा ठेवला तर कुंभारीण माशी माउथपीसमध्ये मातीचं घर करते, ते पुढच्या डुबकीला थेट तोंडात येतं.

धुताना फर्स्ट स्टेजचं टोपण घट्ट लावलेलं असावं आणि सेकंड स्टेजचं बटण दाबू नये, नाहीतर पाणी आत जातं. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. शेवटचा हात आरओच्या जारमधल्या पाण्याचा द्या.

सर्व्हिस किट भारतात मिळतं का, हे पैसे देण्याआधी विचारा. उत्तर गोलमोल आलं तर ते मॉडेल कितीही भारी असो, सोडा.

एक इंटरमीजिएट प्रेशर गेज, म्हणजे फर्स्ट स्टेजमधून निघणाऱ्या हवेचा दाब दाखवणारा, मात्र घ्याच. तो विंगच्या नळीला लागतो. भरलेल्या सिलिंडरवर काटा साधारण 9 ते 10 बारवर यावा. नेमका आकडा त्या मॉडेलच्या पुस्तिकेत असतो. श्वास घेतला की काटा खाली जाऊन लगेच परत यावा आणि तिथेच थांबावा. पाच मिनिटं लक्ष ठेवा. हळूहळू वर चढत असेल तर फर्स्ट स्टेजमधली सीट, म्हणजे हवा अडवणारी गादी, झिजली आहे. असा रेग्युलेटर कोरड्यात ठीक वाटतो आणि नंतर आपोआप हवा सोडू लागतो. सिलिंडरशिवायची चाचणी: टोपण घट्ट लावून माउथपीसमधून हलकं ओढा. हवा आली तर सेकंड स्टेजचा डायफ्राम किंवा उच्छ्वासाचा व्हॉल्व्ह गळतो आहे. सेकंडहँड सेट घेताना या दोन चाचण्या करू न देणाऱ्याला नमस्कार करून निघा.

हा सेट घेऊन गिट्टी खदानीत, जुन्या विहिरीत किंवा पाणी भरलेल्या कोळसा खाणीत ‘सराव’ करायचा नाही. तिथे तारा, मोटारीचे पाइप, झाडाच्या फांद्या आणि शून्य दिसणं, एवढंच आहे. सिलिंडर गॅरेजच्या कॉम्प्रेसरवर भरून घ्यायचा नाही. त्यातून तेलाची वाफ आणि कार्बन मोनॉक्साइड येऊ शकतो, आणि स्कुबाला लागणारा 200 बारचा दाब तो देतही नाही. परदेशातून सिलिंडर उचलून आणू नका. त्याला पेसोची, म्हणजे स्फोटकं आणि दाबाच्या सिलिंडरांवर देखरेख करणाऱ्या केंद्राच्या खात्याची मान्यता लागते, आणि पेसोचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे, तेव्हा ‘माहीत नव्हतं’ म्हणायची सोय नाही. रेग्युलेटर तुमचा, सिलिंडर भाड्याचा. प्रशिक्षण संपेपर्यंत असंच चालू द्या.