सुट्टीतली पेन्सिल: आधी छटा, मग चित्र

एचबी, २बी आणि ६बी (बीचा आकडा जितका मोठा, तितकं शिसं मऊ आणि काळं) या तीन पेन्सिली सुट्टीभर पुरतात. कागद मात्र १५० जीएसएमच्या (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) आसपासचा घ्या. पातळ कागद दोनदा खोडला की त्याचे तंतू उठतात आणि तिथे काळे ठिपके धरतात.

पहिले दोन-तीन दिवस फक्त छटांची पट्टी. २ सेंमीचे पाच चौकोन आखा: पहिला कोरा, पाचवा ६बीने गच्च काळा, मधले चढत्या गडदपणाचे. जोर देऊन काळं करू नका, कागदाला चर पडतात. हलक्या हाताने थरावर थर द्या, दर थराला रेघांची दिशा बदला.

मग पांढरं अंडं. ते पांढऱ्या कागदावर ठेवा. उजेड एकाच बाजूने हवा. डोळे किलकिले करून नीट पाहा: सावलीच्या बाजूचा सर्वांत गडद पट्टा अगदी कडेला नसतो, जरा आत असतो. कडेला खालच्या कागदावरून परतलेला उजेड लागतो. कडच काळी केली की अंडं चपटं दिसतं. हे निरीक्षण घाईने उरकू नका, सगळी गोलाई इथेच आहे.

बोटाने घासू नका. त्वचेच्या तेलाचे डाग पुरते खोडले जात नाहीत. हाताखाली कोरा कागद ठेवा.