समीकरण पाठ, पण अणू गेले कुठे? या चुका टाळा

झाडाचं खोड कशापासून बनतं, असं दहावीच्या मुलांना विचारलं की बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: मातीपासून. हीच मुलं प्रकाशसंश्लेषणाचं समीकरण (6CO₂ + 6H₂O → C₆H₁₂O₆ + 6O₂) न अडखळता लिहितात. त्यात माती कुठेच नाही, हे मात्र कुणाच्या लक्षात येत नाही. माझ्या मते बहुतेक चुकांचं मूळ इथेच आहे. जीवशास्त्राची वही बंद करून रसायनाची उघडली की पहिल्या वहीतले अणू तिथेच राहतात.

सतराव्या शतकातले शास्त्रज्ञ व्हॅन हेल्मॉन्ट यांचा विलो झाडाचा प्रयोग मुलांना जरूर सांगा. १६४८ मध्ये तो छापून आला. सुमारे ९० किलो कोरड्या मातीत त्यांनी सव्वादोन किलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड झालं जवळपास ७७ किलोचं, माती घटली अवघी ५७ ग्रॅम! सगळं वजन पाण्यातून आलं, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि तेही चुकले. कोरड्या लाकडाचा जवळपास निम्मा भाग कार्बनचा असतो, आणि तो येतो हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून. मुळं देतात पाणी आणि थोडे क्षार.

पुढची चूक याच समीकरणात दडलेली आहे. बाहेर पडणारा ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडमधला, असं सर्रास लिहिलं जातं. तो पाण्यातला असतो. १९४१ मध्ये रुबेन आणि केमेन या शास्त्रज्ञांनी ऑक्सिजनचा जड समस्थानिक (त्याच मूलद्रव्याचा जास्त वजनाचा अणू) वापरून हे दाखवलं. स्वतः मोजून बघा. ऑक्सिजनचे ६ रेणू म्हणजे १२ अणू. पाण्याचे ६ रेणू घेतले तर त्यांत ऑक्सिजनचे अणू सहाच. म्हणून डावीकडे पाण्याचे १२ रेणू आणि उजवीकडे ६ असं लिहिलं, तरच हिशोब जुळतो. हा हिशोब एकदा स्वतःच्या हाताने केला की समीकरण पाठ करावं लागत नाही.

‘वनस्पती रात्रीच श्वसन करतात’ हे तर दरवर्षी उत्तरपत्रिकेत सापडतं. श्वसन चोवीस तास चालतं. भर उन्हात प्रकाशसंश्लेषणाचा वेग जास्त असतो, म्हणून ते झाकलं जातं, एवढंच. श्वासोच्छ्वास आणि श्वसन यांतही गल्लत नको. हवा आत-बाहेर करणं वेगळं आणि पेशीत ग्लुकोजचं विघटन होऊन ऊर्जा मिळणं वेगळं.

समीकरण संतुलित करताना सूत्रातल्या खालच्या अंकाला हात लावू नका. पाण्याच्या सूत्रात ऑक्सिजनखाली २ लिहिला की ते पाणी राहत नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड होतं. बदलायचा तो सूत्राआधीचा सहगुणक.

तसंच धमनी म्हणजे ऑक्सिजनयुक्त रक्त, हे समीकरणही सोडा. हृदयापासून दूर नेते ती धमनी. फुप्फुस धमनीत ऑक्सिजन कमी असलेलं रक्तच वाहतं.

शेवटी तीव्र आणि संहत. आम्ल तीव्र की सौम्य हे त्याचे किती रेणू आयनांत विभागतात यावर ठरतं, आणि संहत की विरल हे पाण्यात ते किती आहे यावर. हायड्रोक्लोरिक आम्लात कितीही पाणी मिसळलं तरी ते विरल होतं, सौम्य नाही, कारण त्याचे रेणू पाण्यात जवळजवळ पूर्ण विचरित होतात, म्हणजे आयनांत विभागतात. ॲसेटिक आम्ल संहत असलं तरी सौम्यच. आणि सामू (pH) ३ व ६ असलेल्या द्रावणांत हायड्रोजन आयनांच्या संहतीचा फरक दुपटीचा नसतो, १००० पटींचा असतो.