करवंदांचा चीक तोंडाला चिकटू नये म्हणून

एप्रिल-मे महिन्यात सह्याद्रीच्या उतारांवर करवंदाच्या जाळ्या काळ्याभोर फळांनी लगडतात. तोडायला घाई नको. जे फळ नुसतं बोट लावताच हातात येतं तेच खरं पिकलेलं. ओढावं लागलं की देठातून पांढरा चीक आलाच म्हणून समजा, आणि मग ओठ दिवसभर चिकट.

घरी आणल्यावर देठ काढून करवंदं मिठाच्या पाण्यात १५-२० मिनिटं ठेवा, मग दोन-तीनदा चोळून धुवा. बराचसा चीक निघून जातो. लोणच्यासाठी कच्ची हिरवी चिरायची असतील तर विळीच्या पात्याला आणि बोटांना आधी गोडंतेल लावा. पाण्याने न निघणारा चीकही तेलाने सुटतो.

काटे जोडीजोडीने असतात आणि चांगले लांब, त्यामुळे जाळीत हात खुपसू नका. आकड्याच्या काठीने फांदी आपल्याकडे ओढा. वळवाचे एक-दोन जोरदार पाऊस झाले की फळं पाणचट होतात, आत अळीही सापडते. तेव्हा फोडून बघूनच खा. तसंही आतला रंग बघून ‘कोंबडा की कोंबडी’ ठरवायच्या खेळासाठी आपण फोडतोच!