संगणक सुरूच होत नाही? फॉरमॅटपूर्वी विंडोज कशी दुरुस्त करावी

गेल्या पावसाळ्यात अपडेट चालू असतानाच वीज गेली आणि माझ्या मामांचा संगणक दुसऱ्या दिवसापासून सुरू होईना. दुकानात नेल्यावर, "फॉरमॅट मारावा लागेल," असे उत्तर मिळाले. त्या संगणकाच्या डेस्कटॉपवर मामांनी सहा वर्षे खपून जमवलेला आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत होता आणि त्याची दुसरी प्रत कोठेही नव्हती. संगणक घरी परत आणून आम्ही तपासला, तेव्हा बिघाड केवळ विंडोज सुरू करून देणाऱ्या बूट फाइलींपुरता असल्याचे निघाले. कुलवृत्तांताचे एकही पान हरवले नव्हते. म्हणून पुढील उपायांचा क्रम मी असा लावला आहे, की ज्याने काहीच पुसले जात नाही ते आधी करावे आणि ज्याने पुसले जाते ते अगदी शेवटी. ही कृती विंडोज 10 आणि विंडोज 11 या दोन्हींसाठी आहे.

संगणक नेमका कोठे अडतो?

बटण दाबल्यावर पंखा फिरत नसेल, किंवा पडदा काळाच राहून नुसते बीप ऐकू येत असतील, तर दोष विंडोजचा नसून यंत्रसामग्रीचा आहे, आणि येथील उपाय त्यावर चालणार नाहीत. कंपनीचे चिन्ह दिसून "नो बूटेबल डिव्हाइस" अशा अर्थाचा संदेश येत असेल, तर संगणकाला डिस्क सापडत नाही किंवा तिच्यावरील बूट फाइली सापडत नाहीत. चिन्हाखालची ठिपक्यांची चकती फिरतच राहत असेल किंवा निळा पडदा येत असेल, तर विंडोज सुरू होऊ पाहते आहे आणि मध्येच कोलमडते आहे. निळ्या पडद्यावरील संदेशाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, कारण तो फार वेळ थांबत नाही.

पुढे जाण्यापूर्वी प्रिंटर, पेनड्राइव्ह, बाहेरची हार्ड डिस्क असे सर्व काढून फक्त कीबोर्ड आणि माउस ठेवावा. एखादा विसरलेला पेनड्राइव्हसुद्धा संगणकाला चुकीच्या ठिकाणाहून सुरू व्हायला लावतो. त्यानंतर बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या संगणकाच्या मूळ मांडणीच्या पडद्यात जाऊन डिस्कचे नाव दिसते का आणि तारीख बरोबर आहे का, हे पाहावे. बायॉस उघडण्यासाठी बहुतेक यंत्रांवर सुरू होतानाच एफ2 किंवा डिलीट ही कळ दाबावी लागते. तारीख काही वर्षे मागे गेलेली असेल, तर मदरबोर्डवरील नाण्याएवढा सेल संपला असण्याची दाट शक्यता आहे. हा सेल बहुधा सीआर2032 प्रकारचा, 3 व्होल्टचा असतो. तो संपला की बायॉसमधील निवडी मूळ स्थितीत जातात, आणि त्यात डिस्क जोडण्याची पद्धत रेडवरून एएचसीआयवर किंवा उलट बदलली, तर अगदी धडधाकट विंडोजही "इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस" म्हणत निळा पडदा दाखवते. अशा वेळी सेल बदलून ती एक निवड पूर्ववत केली की काम होते.

दुरुस्तीच्या पडद्यापर्यंत पोहोचणे

विंडोजजवळ स्वतःच्या दुरुस्तीसाठी एक वेगळी छोटी प्रणाली असते. सुरू होण्याचा प्रयत्न लागोपाठ फसला की ती आपोआप उघडते. तसे न झाल्यास, चकती फिरत असताना पॉवरचे बटण सुमारे दहा सेकंद दाबून संगणक बंद करावा. असे दोनदा-तीनदा केल्यावर दुरुस्तीची तयारी सुरू असल्याचा संदेश येतो. अपडेट चालू असल्याचा संदेश पडद्यावर असेल तेव्हा मात्र हा प्रयोग करू नये.

तरीही तो पडदा आला नाही, तर दुसऱ्या चालू संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून मीडिया क्रिएशन टूल उतरवून किमान 8 जीबीचा पेनड्राइव्ह तयार करावा. त्या पेनड्राइव्हवरील सर्व काही पुसले जाते, हे लक्षात ठेवावे. बिघडलेला संगणक त्यावरून सुरू करून भाषा निवडल्यानंतर "इन्स्टॉल"कडे न जाता "रिपेअर युअर कॉम्प्युटर" (नव्या आवृत्तीत "रिपेअर माय पीसी") हा पर्याय घ्यावा.

येथे काही संगणक 48 आकडी रिकव्हरी की मागतात. बिटलॉकर या विंडोजमधील सुरक्षेच्या सोयीने डिस्क कुलूपबंद असल्याची ती खूण आहे. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केला असता हे कुलूप मालकाच्या नकळतही लागलेले असू शकते. ही की बहुधा त्याच खात्यात जतन झालेली असते, म्हणून मोबाइलवरून खाते उघडून ती शोधावी.

आधी फाइली बाहेर काढणे

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे. "ट्रबलशूट", मग "अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स" आणि तेथून "कमांड प्रॉम्प्ट" उघडावा. काळ्या चौकटीत रोमन अक्षरांत नोटपॅड असे टंकून एंटर दाबले, की साधे नोटपॅड उघडते. त्याच्या फाइल यादीतून "ओपन" निवडावे आणि खालच्या बाजूस "टेक्स्ट" ऐवजी "ऑल फाइल्स" करावे, म्हणजे त्या छोट्या खिडकीतून सारी डिस्क दिसू लागते. "युजर्स" फोल्डरात आपल्या नावाखाली डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स सापडतात. त्यांवर माउसचे उजवे बटण दाबून कॉपी करावे आणि बाहेरच्या डिस्कवर पेस्ट करावे. नक्कल होत असताना खिडकी गोठल्यासारखी वाटते आणि किती काम झाले हे दिसत नाही, तरीही ती बंद न करता वाट पाहावी.

जुने मराठी लेखन श्रीलिपी, शिवाजी किंवा कृतिदेव यांसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असेल, तर विंडोज फोल्डरातील "फॉन्ट्स" हा फोल्डरही सोबत घ्यावा. फॉन्ट गेला की मजकूर जागेवर असूनही निरर्थक रोमन अक्षरांसारखा दिसतो, आणि माणसे घाबरून फाइलच खराब झाली असे समजतात.

डिस्कमधून टकटक आवाज येत असेल किंवा नक्कल पुन्हा पुन्हा अडत असेल, तर तेथेच थांबावे. मोडत आलेल्या डिस्कवर दुरुस्तीच्या आज्ञा चालवल्याने उरलेली माहितीही जाऊ शकते, म्हणून अशी डिस्क डेटा रिकव्हरी करणाऱ्या जाणकाराकडेच न्यावी.

सौम्य उपाय

"अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स"मधील "स्टार्टअप रिपेअर" प्रथम चालवावे. ते यशस्वी झाले नाही, तरी त्याने काही बिघडत नाही. बिघाड अपडेटनंतर लगेच सुरू झाला असेल, तर "अनइन्स्टॉल अपडेट्स"मधून आधी शेवटचे क्वालिटी अपडेट काढावे. "सिस्टीम रिस्टोअर"मध्ये जुनी तारीख मिळाली, तर तीही वापरावी. तिने आपली छायाचित्रे वा दस्तऐवज बदलत नाहीत, फक्त त्या तारखेनंतर टाकलेले प्रोग्रॅम आणि ड्रायव्हर (यंत्राचे भाग चालवणारी छोटी सॉफ्टवेअरे) जातात.

यानंतर "स्टार्टअप सेटिंग्ज"मधून संगणक पुन्हा सुरू करून 4 ही कळ दाबली, की सेफ मोड मिळतो, म्हणजे विंडोज अगदी आवश्यक तेवढ्याच भागांसह सुरू होते. सेफ मोडमध्ये विंडोज उघडली, तर दोष बहुधा एखाद्या ड्रायव्हरचा किंवा नव्याने टाकलेल्या प्रोग्रॅमचा असतो, आणि तो तेथूनच काढता येतो. 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगभरात सुमारे 85 लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले होते. त्यांवरचा उपायही हाच होता: सेफ मोडमध्ये किंवा दुरुस्तीच्या पडद्यात जायचे आणि ड्रायव्हरांच्या फोल्डरातील ती एक सदोष फाइल काढून टाकायची. त्यासाठी फॉरमॅटची गरज नव्हती.

आज्ञांनी दुरुस्ती

येथवर यश आले नाही, तर पुन्हा कमांड प्रॉम्प्ट उघडावा. दुरुस्तीच्या पडद्यात डिस्कांची अक्षरे बदललेली असू शकतात. नेहमीची सी येथे डी झालेली असेल, म्हणून डीआयआर, जागा, सी किंवा डी आणि कोलन अशी आज्ञा देऊन विंडोज फोल्डर कोणत्या अक्षराखाली आहे, ते आधी पाहावे. पुढे मी ते सी धरले आहे.

डिस्कवरील फाइलव्यवस्था तपासण्यासाठी सीएचकेडीएसके, जागा, सी आणि कोलन, जागा, तिरपी रेघ (/) आणि एफ असे टंकावे. त्यानंतर विंडोजच्या मूळ फाइली तपासणारी एसएफसी ही आज्ञा द्यावी. नेहमी तिच्यापुढे तिरपी रेघ आणि स्कॅननाऊ एवढेच लिहितात. येथे मात्र ऑफबूटडिर आणि ऑफविनडिर हे दोन पर्याय जोडून पहिल्याला सी ड्राइव्हचा आणि दुसऱ्याला त्यावरील विंडोज फोल्डरचा पत्ता द्यावा लागतो, कारण या क्षणी चालू असलेली प्रणाली दुरुस्तीची आहे, आपली नव्हे.

मामांच्या संगणकाला गुण आला तो बीसीडीबूट या आज्ञेने. आजच्या बहुतेक संगणकांत, म्हणजे बायॉसची यूईएफआय ही नवी पद्धत असलेल्यांत, बूट फाइली एका छोट्या, फॅट32 प्रकारच्या, सहसा काहीशे एमबीच्या विभागात असतात. डिस्कचे विभाग हाताळणारी डिस्कपार्ट ही आज्ञा चालवून लिस्ट व्हॉल्यूम या आज्ञेने तो विभाग शोधावा, सिलेक्ट व्हॉल्यूम आणि त्याचा क्रमांक देऊन तो निवडावा, असाइन लेटर बरोबर एस असे टंकून त्याला अक्षर द्यावे आणि एक्झिटने बाहेर यावे. डिस्कपार्टमध्ये फॉरमॅट किंवा क्लीन हे शब्द चुकूनही टंकू नयेत. मग बीसीडीबूट, विंडोज फोल्डरचा पत्ता, तिरपी रेघ एस, एस आणि कोलन, तिरपी रेघ एफ, यूईएफआय, असे प्रत्येक घटकामध्ये जागा सोडून टंकावे. बूट फाइली तयार झाल्याचा संदेश आला, की पेनड्राइव्ह काढून संगणक सुरू करावा. जुन्या लेखांत यासाठी बूटरेक आणि फिक्सबूट सांगितलेले असते, परंतु यूईएफआय संगणकांवर त्याला अनेकदा "अ‍ॅक्सेस इज डिनाइड" असे उत्तर मिळते.

शेवटचा पर्याय

इतके करूनही विंडोज उघडत नसेल, तर "रीसेट धिस पीसी"मध्ये "कीप माय फाइल्स" निवडावे. आपल्या फाइली राहतात, परंतु आपण टाकलेले प्रोग्रॅम जातात, त्यामुळे मराठी टंकनाची साधनेही पुन्हा टाकावी लागतील. "क्लाउड डाउनलोड" निवडल्यास 4 जीबीहून अधिक डेटा खर्च होऊ शकतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असाल, तर "लोकल रीइन्स्टॉल" बरे.

विंडोज सुरू झाल्यावर कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून एसएफसी स्कॅननाऊ पुन्हा एकदा चालवावे. संगणकावर विंडोज 10 असेल, तर तिचा सर्वसाधारण पाठिंबा 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आहे, म्हणून यंत्र पात्र असल्यास 11 वर जावे. संगणक दुरुस्त होईल त्याच दिवशी 16 जीबीचा एक रिकामा पेनड्राइव्ह घेऊन, शोधपट्टीत रिकव्हरी ड्राइव्ह असे टंकून तो तयार करावा आणि बिटलॉकरची की कागदावर लिहून त्याच्यासोबत ठेवावी. मामांनी ही दोन्ही कुलवृत्तांताच्या छापील प्रतीबरोबर कपाटात ठेवली आहेत, आणि अपडेट चालू असताना आता संगणक यूपीएसवर असतो.